न उघडलेली फाइल

काही प्रकरणे कोर्टाचा निकाल लागला तरी डोक्यात दफ्तरदाखल होत नाहीत. हे त्यातलेच एक. गेल्या महिन्यात आमच्या ठाण्याचे जुने कारकून हवालदार वारले. त्यांच्या दहाव्याला गावी जाऊन आलो आणि तेव्हापासून हे लिहायला घेतले आहे. दिवसाला चार-सहा ओळींच्या वर होत नाही. त्यांचे नाव लिहिणार नाही. इथे कोणाचेच नाव येणार नाही. नाव नुसते उच्चारले तरी काय होते, हेच मी या प्रकरणात पाहिले.

मी तेव्हा रायगड जिल्ह्यात, खाडीच्या तोंडावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. किनाऱ्याला कोळीवाडे आणि आत गेले की भातशेतीची गावे, अशी आमची हद्द. जाळ्यांवरून भांडणे, बांधावरून भांडणे, परवाने, पासपोर्टच्या चौकशा हे रोजचे काम. त्याखेरीज एक दुखणे कायमचे होते. खाडीतून चोरून रेती उपसणारे बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मोठ्या बोटी. कारवाई केली की चार दिवस बंद, मग पुन्हा सुरू.

अशाच एका बार्जवरचा परप्रांतीय मजूर मेला. मालकाची माणसे म्हणाली, आंघोळीला उतरला आणि बुडाला. डोक्याच्या मागच्या बाजूला जखम होती, पण ती खडकावर आपटूनही होऊ शकते, असे डॉक्टरांचे मत पडले. मजुराचे इथे कोणी नव्हते. प्रकरण अकस्मात मृत्यू म्हणून मिटणार, असे दिसत होते.

आणि एक दिवस एक कोळीण स्वतःहून ठाण्यात आली. किनाऱ्यावर मासळी सुकवण्याचे तिचे काम. पहाटे ती वाळवणाकडे गेली असताना, बार्जवरून दोन माणसे तिसऱ्याला हातापायाला धरून पाण्यात सोडताना तिने पाहिली होती. तिसरा हलत नव्हता. तिने त्या दोघांना ओळखलेही होते.

मी स्वतः तिचा जबाब घेतला. आमची महिला शिपाई तो संगणकावर टंकत होती. जबाब संपल्यावर बाई उठल्या नाहीत.

"सायेब, कोर्टात बोलीन. तिथं मी घाबरनार नाय. पन तवर घरात कलता कामा नये. माजा दीर त्यांच्याच बार्जवर जातो."

"कळणार नाही," मी म्हणालो.

या एका साक्षीवर अकस्मात मृत्यूचा खुनाचा गुन्हा झाला. कोणीतरी पाहिले आहे ही बातमी बार्जच्या मालकाकडे पोचली, पण कोणी ते त्याला कळले नाही. दोषारोपपत्र जाईपर्यंत आणि पुढे साक्ष होईपर्यंत ती बाई टिकली पाहिजे, एवढीच माझी काळजी होती.

त्याच सुमारास जिल्हा कार्यालयाचा आदेश आला. ठाण्याच्या संगणकावर असलेले गोपनीय जबाब, महिलांचे अर्ज वगैरे सर्व जिल्ह्याच्या सुरक्षित नेटवर्कवरच्या जागेत हलवावे, आणि नंतर ठाण्याच्या संगणकावर त्याची प्रत ठेवू नये. आदेश योग्यच होता. आमच्या संगणकावर दिवसभर येईल तो बसत असे. ज्या दिवशी हे काम झाले, त्या दिवशी मी अलिबागला मासिक गुन्हे बैठकीला होतो. परत आल्यावर विचारले.

"झालं का?"

"झालं साहेब," महिला शिपाई म्हणाली. "सगळ्या फाइली वर गेल्या. संख्या जुळवली, आकार जुळवला, मग इथून काढल्या."

"वर म्हणजे कुठे?"

"सर्व्हरवर."

"तो कुठे आहे?"

"अलिबागला असेल. नाहीतर मुंबईला. नक्की नाही सांगता येत."

"म्हणजे फाइल कुठे आहे ते तुला माहीत नाही?"

"कुठे आहे ते माहीत नाही साहेब, पण सुरक्षित आहे."

कारकून हवालदार शेजारी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, देवाचं पण असंच आहे. आपण हात जोडायचे नि घरी जायचं."

हे हवालदार निवृत्तीला आले होते. त्यांच्या ताब्यातला मुद्देमाल कधी कमी भरला नाही की सील कधी फुटलेले सापडले नाही. जप्तीची लहानशी सुरी जरी या कपाटातून त्या कपाटात गेली, तरी त्याची नोंद झाल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. मी निर्धास्त झालो.

थोड्या दिवसांनी आतल्या एका गावातून एक शेतकरी बाई ठाण्यात आली. ती आम्हाला ठाऊक होती. सासरच्या छळाचा तिचा अर्ज आमच्याकडे होता. ती अजून त्याच घरात राहत असल्यामुळे तो अर्जही गोपनीय ठेवलेला होता. मला वाटले, घरी काही झाले असेल.

"घरचं न्हाय साहेब," ती म्हणाली. "शेतावर मोटारसायकलवाला आला. बोलला, बार्जवर जे बघितलंस ते इसर, न्हायतर बरं होनार न्हाय."

"तू काय बघितलंस बार्जवर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "साहेब, बार्ज म्हंजे काय?"

मी नोकरीत पुष्कळ धमक्यांच्या तक्रारी घेतल्या आहेत. ज्याला धमकी मिळाली त्याला ती कशाबद्दल आहे हेच माहीत नाही, असे पूर्वी पाहिले नव्हते. हवालदारांनी तिला पाणी दिले आणि बार्ज म्हणजे काय ते समजावून सांगितले. ती आणखीच घाबरली. तिचे घर खाडीपासून इतके आत होते की भरतीचे पाणीही तिथे पोचत नसे.

मी गाडी काढून सरळ कोळीवाड्यात गेलो. साध्या वेशात, मासळी घ्यायला आल्यासारखा. बोंबील सुकवण्याच्या तिच्या बांबूच्या वलांडी कोणीतरी कापून पाडल्या होत्या. सुकत आलेले बोंबील वाळूत मिसळले होते आणि कावळे ते निवडत होते. दार बंद होते. हाक मारल्यावर बाई उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या.

"तुमी बोललाव, कलनार नाय."

मी पडलेल्या वलांडीकडे वळून पाहिले.

"आता लिवून घ्या. मी काय बगितला नाय. पहाटे मी घरात निजलेली व्हती."

"बाई, मला दोन दिवस द्या."

"दोन दिवस कनाला? नाव गेला ना गावभर? आता ता परत आननार हाव तुमी?"

दार लागले. बार्जवरचा तो प्रकार पाहणारी एकच व्यक्ती होती आणि ती माझ्या हातून निघून चालली होती. वरून हे घडले कसे हेच मला कळत नव्हते.

वरिष्ठांना कळवले. त्यांचा निष्कर्ष लगेच तयार होता. "गळती तुमच्याच ठाण्यातून आहे. जबाब टाइप कोणी केला? फाइली हलवल्या कोणी? त्याच मुलीने ना? तिचा फोन ताब्यात घ्या आणि तिला मुख्यालयात पाठवा."

मी तिला केबिनमध्ये बोलावले. मी काही बोलायच्या आधीच तिने फोन टेबलावर ठेवला आणि पासवर्ड कागदावर लिहून दिला. ठाण्यात बातमी भिंतीतून जाते. ती एवढेच म्हणाली, "साहेब, आधी लॉग बघा म्हणावं."

जिल्ह्याच्या तांत्रिक शाखेने लॉग तपासला. कोणी कधी कोणती फाइल उघडली, याची नोंद त्यात आपोआप राहते. सुरक्षित जागेत गेल्यापासून ती फाइल कोणीच उघडली नव्हती. आमच्या संगणकावरही जबाब झाल्यापासून ती उघडली गेली नव्हती. महिला शिपाईच्या फोनमध्ये आईचे फोन, बहिणीचे फोन आणि गॅस एजन्सीचे संदेश होते. तांत्रिक शाखेने मला फोनवर स्पष्ट सांगितले, "साहेब, फाइल फुटलेली नाही."

फाइल न उघडता आतली गोष्ट बाहेर गेली होती. आमच्या वेळचे कागद असते तर मी गठ्ठ्याची दोरी पाहिली असती, सुतळीची गाठ कोणत्या हाताची आहे ते ओळखले असते. इथे बघायला काही नव्हते. मी दोन दिवस त्या रिकाम्या पडद्यासमोर नुसता बसून होतो. शेवटी संगणक सोडून मी माणसांकडे वळलो.

शेतकरी बाईच्या वर्णनावरून मोटारसायकलवाला मिळाला. बार्जवर मजुरांची हजेरी घेणारा हा तरुण. त्याला धक्क्यावरून उचलून आणला. चौकशीची माझी पद्धत साधी होती. मार खाल्लेला माणूस आपल्याला जे हवे ते सांगतो. मला जे घडले ते हवे असे. त्याला बाकावर बसवून ठेवले, ठाण्याची नेहमीची कामे त्याच्यासमोर चालू दिली. माणूस दुर्लक्षाने जितका बोलका होतो तितका धाकाने होत नाही. संध्याकाळी चहा दिला आणि त्याच्या गावच्या शेताची चौकशी करून मग विचारले.

"त्या दोघींनी काय पाहिलं?"

"ते मला नाय माहीत साहेब. एकीनं बघितलंय."

"मग दोघींना का सांगितलंस?"

"कुठली ती समजत नव्हतं ना. दोन नावं होती. मला बोलले, दोघींना समज दे. मी दिली."

"आणि वलांडी? त्या एकीच्याच का पाडल्या?"

तो ओशाळला. "दुसरीकडे पाडायला काही नव्हतं, साहेब."

बाहेर ड्युटीवरचा शिपाई हसला. मला हसू आले नाही, कारण त्याच्या उत्तरांत काहीतरी होते आणि ते माझ्या हाताला लागत नव्हते. नावे कुठून मिळाली, यावर तो बाजारात ऐकली यापलीकडे गेला नाही.

त्या रात्री घरी जेवताना मला ते हळूहळू उलगडले. बार्जवाल्यांपैकी कोणी जबाब वाचला असता, तर शेतकरी बाईच्या वाटेला कोणी गेलेच नसते. म्हणजे जबाब कोणाच्याही हाती लागलेला नव्हता. त्यांच्याकडे फक्त दोन नावे होती, एकमेकींना लागून असलेली. आणि आमच्या संगणकावर फाइली कशा ओळखायच्या, तर प्रत्येक फाइलीला त्या त्या व्यक्तीचे नाव आणि गाव दिलेले होते. आत कोण काय बोलले ते कुलपात होते आणि कुलपावरच नाव लिहिलेले होते. पण ते कुलूप तरी कोणी पाहिले?

सकाळी महिला शिपाईला बोलावले. "तू फाइली हलवल्यास त्या दिवशीचं सगळं सांग. संगणक चालू केलास तिथून नको. दार उघडलंस तिथून."

ती सांगू लागली. "सकाळी आले. झाडून घेतलं. मग हवालदारकाकांनी खुर्च्या मांडल्या."

"खुर्च्या कोणासाठी?"

"पंचांसाठी."

मी पेन खाली ठेवले. तिला माझ्या चेहऱ्याचा अर्थ कळला नाही. तिने चाचरत विचारले, "तसा नियम आहे ना साहेब?"

जे पोलीस खात्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जप्ती, झडती, घटनास्थळ यांचा पंचनामा करताना दोन तटस्थ नागरिक हजर ठेवावे लागतात. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले त्यावर ते सही करतात. उद्या कोणी म्हणाले की पोलिसांनी हे स्वतःच ठेवले किंवा गायब केले, तर पंच सांगतात की नाही, आमच्यासमोर झाले. प्रत्येक ठाण्याला अशी काही ठरलेली माणसे असतात. हाक मारली की येणारी, शेजारची, सभ्य माणसे.

हवालदारांना विचारले. त्यांनी काहीच लपवले नाही. लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नव्हते.

"साहेब, माल या जागेवरून त्या जागी गेला. इथून पुसलासुद्धा. उद्या वकील म्हणाला, मधल्या मधे पोलिसांनी जबाब बदलला, तर आपण काय दाखवणार? म्हणून दोन पंच बसवले. ही एकेक फाइल पाठवत होती, मी मोठ्यानं वाचत होतो."

"काय वाचत होता?"

"नाव, गाव. एक नग गेला. पुढचं नाव, गाव. दुसरा नग गेला." ते बोलता बोलता थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले की ती गोष्ट त्यांना त्याच क्षणी दिसली. ते खुर्चीवर बसले. माझ्यासमोर ते एरवी कधी बसत नसत.

खात्यात शेकडो चुका पाहिल्या, पण ही चूक प्रामाणिक आणि हाडाचा पोलीस असलेला माणूसच करू शकला असता. गुप्त गोष्ट गुप्त ठिकाणी ठेवताना त्यांनी दोन साक्षीदार बसवले होते.

पंचांपैकी एक शिंपी होते, त्यांना कमी ऐकू येई. दुसरे जाळी आणि दोरखंडाचे दुकानदार. त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी गादीवरची उशी सरकवून मला जागा केली.

"साहेब, मी कोणाला काही बोललो नाही," ते म्हणाले. "एवढ्या पंचनाम्यांवर माझी सही आहे. माझ्या तोंडून कधी काही गेलंय?"

"त्या कोळणीचा दीर दुकानात आला होता का?"

"आला होता की. दोरी न्यायला. बिचारा गप्प गप्प होता. मला वाटलं, घरातल्या बाईनं जबाब दिलाय म्हणून काळजीत असेल. त्याला धीर दिला."

"काय म्हणालात?"

"म्हटलं, काळजी करू नको. तुझ्या वहिनीचा जबाब आता सरकारच्या पक्क्या जागेत गेलाय, माझ्या समोर. कोणाच्या हाती लागायचा नाही. एकट्या तिचाच नाही, त्या आतल्या गावच्या बाईचा पण तिथंच आहे." त्यांनी माझा चेहरा पाहिला. "चुकलं का काही?"

"दुकानात आणखी कोण होतं?"

"गिऱ्हाईक होतं." मग त्यांचा आवाज उतरला. "साहेब, दोरखंड तर बार्जवाल्यांना पण लागतो."

वहिनीने जबाब दिला आहे, हे त्या दिराला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हते. तो दोरी घेऊन घरी गेला आणि कोणाशी काही बोलला नाही, वहिनीशीही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो बार्जवर गेला नाही. का, ते मी त्याला पुढे विचारले. तो म्हणाला, "दुकानदारानं सांगितलं ना, पक्कं हाय म्हनून." मला या उत्तराचा अर्थ आजही नीट लागलेला नाही.

धमकी देणारा आणि त्याला पाठवणारे, सगळ्यांवर साक्षीदाराला धमकावल्याचा वेगळा गुन्हा दाखल केला. महिला शिपाईचा फोन परत केला आणि तिचा काही दोष नाही, असे आधी लेखी कळवले. मग हवालदारांच्या चुकीचा कसुरी अहवाल वरिष्ठांना पाठवणे भाग होते. ते म्हणाले, "साहेब, मीच लिहून आणतो. माझ्या अक्षरात बरा दिसेल." आणि खरोखरच लिहून आणला. त्यात त्यांनी स्वतःला कुठेही सवलत दिलेली नव्हती.

पण खरे काम पुढेच होते. बाईंनी "काय बगितला नाय" म्हटले होते आणि त्यांना दोष देण्याची माझी पात्रता नव्हती. मी जायला निघालो तेव्हा हवालदार गाडीत येऊन बसले. मी नको म्हणालो नाही.

बाई किनाऱ्यावर नव्या वलांडी बांधत होत्या. दीर बांबू धरून उभा होता. हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाय, तुझं नाव मी फोडलं," ते म्हणाले.

त्यांनी सगळे सांगितले. खुर्च्या, पंच, मोठ्याने वाचणे. कारणही सांगितले, पण बचाव म्हणून नव्हे. बाईंचा हात गाठीवरच होता.

"म्हंजे कोनी इकला नाय मना?"

"नाही."

"पैशे घेऊन कोनी दिला नाय नाव?"

"नाही बाय. मी फुकट वाचलं."

बाईंनी दिराकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मना वाटला, तुमी मना इकला. ता सोसवत नव्हता." मग हवालदारांना म्हणाल्या, "टोपी घाला. ऊन लागंल. नि तो बांबू धरा, याचा हात भरून आला."

हवालदारांनी बांबू धरला. त्या दिवशी जबाब बदलण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे आम्ही फाइलींना नावे देणे बंद केले, नुसते क्रमांक दिले. ही सुधारणा छोटी होती आणि ती कोणालाही सुचली असती. या प्रकरणाने मला काय शिकवले, ते सांगणे मात्र अवघड जाते. एक एवढे कळले की माणूस आपण काय बोललो याला जितका भितो, त्याहून जास्त आपण बोललो हे कळण्याला भितो. आम्ही बोलणे जपत राहिलो आणि नाव दारावर टांगून ठेवले. पण दुसरी गोष्ट मला अजून सुटत नाही. कोणाच्या तरी डोळ्यांसमोर केलेले काम चोख, असे मी आयुष्यभर शिकलो आणि शिकवले. ज्या कामाला पाहणारा कोणी नसावा अशा कामात चोख राहायचे ते कोणाच्या भरवशावर? लॉगच्या, असे ती महिला शिपाई म्हणेल. तिचे बरोबर असेल. हवालदारांना ते पटले नसते. दहाव्याला घाटावर उभा असताना मी मनात याच वादात होतो, आणि उत्तर द्यायला ते नव्हते.

साक्षीच्या दिवशी बाई दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरल्या आणि तिथून गाडीने कोर्टात आल्या. दीर बरोबर होता. हवालदार तोवर निवृत्त झाले होते, तरी आले होते, धुतलेला पांढरा शर्ट घालून. कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपींची माणसे उभी होती. कोर्टाचा शिपाई दाराशी आला आणि रीतीप्रमाणे त्याने बाईंचे नाव पुकारले. पूर्ण नाव, गावासकट, खणखणीत आवाजात. ज्या नावासाठी आम्ही एवढे हेलपाटे घातले होते, ते तीनदा त्या व्हरांड्यात घुमले. तिसऱ्या पुकाऱ्याला बाईंबरोबर हवालदारही उठून उभे राहिले होते. त्यांचे त्यांना कळले नसावे.

बाई आत गेल्या. पाहिले ते सांगितले. उलटतपासणीत वकिलाने दोन-तीन प्रकारे फिरवले, पण त्या आपल्या वलांडीपासून हलल्या नाहीत. बाहेर आल्या तेव्हा घामाने डबडबल्या होत्या. हवालदार पाण्याची बाटली घेऊन पुढे झाले.

बाटली घेताना त्या म्हणाल्या, "काका, आता वाचा मोठ्यानं."

हवालदार हसले, आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.